सगळं ठीक असल्याची टिंगटिंग

दुबईत आगीच्या अलार्मवाल्याला कवडीचाही मान नाही, हे मी सुरुवातीलाच सांगून टाकतो. मी विजयकुमार टिपणीस. बिल्डिंगांमध्ये फायर अलार्म बसवणाऱ्या आणि सांभाळणाऱ्या एका कंपनीत सीनिअर सुपरवायझर आहे. माझा अलार्म वाजला की लोक काय करतात? जिन्याने खाली पळतात? छे! दार किलकिलं करून शेजाऱ्याला विचारतात, “फॉल्स है ना?” आणि आत जाऊन परत जेवायला बसतात. एकदा तर अल बर्शातल्या आमच्याच बिल्डिंगचा अलार्म कोकलत होता, तेव्हा आमची प्रमिला स्वयंपाकघरातून ओरडली, “अहो, बंद करा ना ते मेलं, कुकरच्या शिट्ट्या मोजता येत नाहीयेत!” ज्याच्या घरात ही कथा, त्याने जगाकडून काय अपेक्षा ठेवायची?

म्हणूनच आमची कन्या इरा एका संध्याकाळी माझ्यासमोर येऊन बसली आणि म्हणाली, “बाबा, आय नीड युअर हेल्प. विथ अलार्म्स,” तेव्हा मला अक्षरशः भरून आलं. मी टीव्ही बंद केला. मॅच चालू होती, तरीही केला.

इरा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिच्या कॉलेजच्या पोरांनी मिळून एक रेसिंगची गाडी बांधली आहे. एकच सीट, जमिनीला टेकेल इतकी बुटकी, आणि मागे मोटरसायकलचं इंजिन. ती गाडी चालवते आमची इरा. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा प्रमिलाने तिच्याशी अबोला धरला होता, आणि तो संपल्यावर माझ्याशी धरला, कारण म्हणे तिला स्पीडची सवय मी लावली. असो.

तर गेल्या मोसमात त्या गाडीचं इंजिन भर शर्यतीत जाम झालं. म्हणजे असं, की लांब वळणावर गाडी जोरात गेली की इंजिनातलं तेल एका कडेला जाऊन बसतं. पंप मग तेलाऐवजी हवा ओढतो. तेलाचा दाब पडतो आणि कोरडं इंजिन बघता बघता स्वतःलाच खाऊन टाकतं. समोर लाल दिवा लागला होता म्हणे, पण वळणावर रस्ता सोडून दिवा कोण बघणार? आता टीमकडे दुसरं इंजिन होतं आणि ते शेवटचं होतं. कॉलेजने स्पष्ट सांगितलं होतं, हेही गेलं तर गाडी लॉबीत शोभेला ठेवू आणि टीम खलास. इराला पुढच्या वर्षी कॉलेजच नव्हतं. म्हणजे तिच्या वाट्याला शर्यतीचा हा एकच दिवस, आणि तोही हे इंजिन टिकलं तर.

टीममधली बाकीची पोरं हुशार. इंजिन का मेलं, हे ती कॉम्प्युटरवर रंगीत आलेख काढून फार सुंदर समजावून सांगत. पण ते मरायच्या आधी सांगायला कोणी नको का? “इरा,” मी म्हणालो, “काळजी करू नकोस. हे काम बापाचं.” छाती अशी काही फुगली होती की शर्टाचं बटण धोक्यात आलं.

पण या देशात नुसती छाती फुगवून भागत नाही, एनओसी लागते. बाहेरचा माणूस गाडीला हात लावणार म्हटल्यावर कॉलेजला माझ्या कंपनीचं ना-हरकत पत्र हवं होतं. आमच्या एचआरकडे अशा कामाचा एकच फॉर्म, फायर अलार्मचा. त्यात पहिलाच प्रश्न, इमारतीचे मजले किती? मी लिहिलं, तळमजला फक्त. दुसरा प्रश्न, राहणाऱ्यांची संख्या? एक. आपत्कालीन बाहेर पडण्याचे मार्ग? वरून. फॉर्म परत आला. लिफ्टचा रकाना मोकळा ठेवल्याबद्दल. मी तिथे “नाही” असं लिहून दिलं तेव्हा कुठे शिक्का बसला. आजही आमच्या कंपनीच्या रेकॉर्डला एक एकमजली, बिनलिफ्टची, चार चाकांवरची इमारत आहे.

गाडी ठेवली होती रास अल खोरला, गनीभाईंच्या गॅरेजमध्ये. गनीभाई सोलकर मूळचे रत्नागिरीचे. माणूस दिलदार, पण बढाईखोर. मोटारीच्या बाबतीत त्यांना माहीत नाही असं काही नाही, आणि जे माहीत आहे त्यातलं अर्धं चूक आहे. “भाऊ, सेन्सर-बिन्सर काय करायचाय?” ते मला म्हणाले. “मी इंजिनाच्या आवाजावरून सांगतो त्याला काय दुखतंय.” गेल्या मोसमात मग काय झालं होतं, असं मी विचारलं. “त्या दिवशी मला सर्दी होती,” गनीभाई म्हणाले.

इकडे घरीही सल्ले सुरू झाले होते. वरच्या मजल्यावरच्या ईश्वरीवहिनी म्हणाल्या, अलार्मला काहीतरी मंगल धून लावा, पोरीचं मन शांत राहील. मी म्हटलं, वहिनी, शांत राहू नये म्हणूनच तर अलार्म लावायचा आहे. समोरच्या फ्लॅटमधला झुबेर फुजैराला जहाजांच्या कामावर असतो, सुट्टीला घरी येतो. तो आमच्याकडचे पोहे खात म्हणाला, “विजयभाई, आमच्या इंजिनरूममध्ये अलार्म इतके, की वाजला रे वाजला की माणूस आधी काय करतो माहितीये? म्यूट दाबतो. मग चहा पितो. मग विचारतो, कुठला होता?” मला त्याचा राग आला. माझ्या घरात बसून, माझे पोहे खाऊन, माझ्या धंद्याची बेअब्रू! त्याचं बरोबर होतं हे मला नंतर कळलं, पण त्याला ते मी अजून कळू दिलेलं नाही.

मी आणि गनीभाईंनी मिळून भोंग्यांची परीक्षा घेतली. बझर लावला, तो इंजिनच्या आवाजात बुडाला. माझ्या गोदामातला फायर अलार्मचा हूटर लावला, तर गॅरेजशेजारच्या टायरवाल्याची सगळी माणसं रस्त्यावर येऊन उभी राहिली. (बघा! रास अल खोरला अजून अलार्मची कदर करणारी माणसं आहेत.) शेवटी हेल्मेटमध्येच कानाशी स्पीकर बसवायचं ठरलं. आवाज कुठला, यावर गनीभाईंनी चुटकी वाजवली. मोडीत निघालेल्या एका जुन्या जपानी गाडीच्या डॅशबोर्डातून त्यांनी एक छोटी डबी उपसून काढली. “हा आवाज, भाऊ! एकशेवीसच्या वर गेलं की वाजतो तो. सरकारमान्य!”

आखातात राहिलेल्यांना हा आवाज सांगायला नको. इथल्या जुन्या गाड्या ताशी एकशेवीसच्या वर गेल्या की टिंग-टिंग-टिंग सुरू होतं आणि वेग उतरेपर्यंत थांबत नाही. माझ्या स्वतःच्या गाडीत ते आयुष्यभर वाजलं. मला कल्पना पसंत पडली. इंजिनाला सेन्सर मी स्वतःच्या हाताने बसवला, गनीभाईंना बोटसुद्धा लावू दिलं नाही. तेलाचा दाब पडला की सेन्सर डबीला सांगणार, डबी इराच्या कानात टिंगटिंग करणार आणि इरा इंजिन बंद करणार. ट्रॅकच्या कडेला टीम थांबते त्या पिटमध्ये बसून रेडिओवर आम्हालाही ते नुसतं ऐकू यायची सोय केली. इतकं सुटसुटीत काम मी बुर्जांमध्येही केलेलं नाही.

सरावाच्या दिवशी मी इस्त्रीचा शर्ट घालून ट्रॅकवर गेलो. इरा सुसाट निघाली. तेलाचा दाब पडला की अलार्म वाजतो का ते बघायला पोरांनी मुद्दामच तेल थोडं कमी भरलं होतं. लांब वळणावर गाडी गेली आणि आमच्या रेडिओवर टिंग-टिंग-टिंग! मी उडीच मारली. “वाजला! वाजला!” आता ती थांबणार. पण ती थांबली नाही. टिंग-टिंग चालूच आणि इराही चालूच! मी तारेच्या कुंपणाला लटकून “इरा! अगं इरा!” करून बोंबललो. शेवटी टीमच्या पोरांनी लाल झेंडा दाखवून तिला आत बोलावलं. इंजिन वाचलं, पण थोडक्यात.

“ऐकू नाही आलं तुला?” मी धापा टाकत विचारलं.

“व्हॉट?”

“टिंगटिंग!”

“ओह, दॅट,” ती म्हणाली. “आय हर्ड इट, बाबा. बट इट फेल्ट… नॉर्मल.”

नॉर्मल! मी घरी येऊन जेवलो नाही. आयुष्यभर परक्यांनी माझे अलार्म ऐकले नाहीत, ते मी सोसलं. पण पोटच्या पोरीने? तेही मी तिच्या कानात घातलेला? मी सोफ्यावर भिंतीकडे तोंड करून पडलो. प्रमिला ताट घेऊन आली आणि उभ्याउभ्याच म्हणाली, “त्यात तिचं काय चुकलं? तो आवाज तिची अंगाई आहे. दर शुक्रवारी आपण हिला मागे झोपवून फुजैराला जायचो की नाही? तुम्ही आपले पळवायचे गाडी, टिंगटिंग चालू, आणि ही गाढ झोपलेली. वेग पकडणारा कॅमेरा आला की तुम्ही वेग कमी करायचात, टिंगटिंग थांबायची, की ही लगेच उठून भोकाड पसरायची. म्हणून तर मी म्हणायचे, अहो, जाऊ दे तशीच, थांबवू नका.”

मी ताडकन उठून बसलो. “काय म्हणालीस?”

“जेवा म्हणाले.”

“त्याच्या आधी!”

टिंगटिंग थांबली की ही जागी व्हायची! मग उलटं करू या की! सगळं ठीक असेल तोवर टिंगटिंग वाजत राहील आणि तेलाचा दाब पडला की बंद होईल. आणि खरं सांगायचं तर आमच्या धंद्यात हेच शास्त्र आहे. चांगल्या फायर अलार्मची तार सतत “मी आहे, मी आहे” म्हणत असते. ती गप्प झाली की पॅनल समजतं, कुठेतरी तुटलं. वीस वर्षं हे मी शिकाऊ पोरांना शिकवतोय आणि सुचलं कोणाला? मी प्रमिलाचे आभार मानले. “पानावरचं गार झालंय,” ती म्हणाली.

इराला सांगितल्यावर ती आधी हसली. मग एकदम गंभीर झाली. “अॅक्च्युअली, दॅट्स स्मार्ट, बाबा.” हे वाक्य मी मोबाइलवर रेकॉर्ड करून घेण्यासाठी तिला पुन्हा म्हणायला सांगितलं, पण तिने नकार दिला.

शर्यतीच्या दिवशी सकाळी गाड्यांची तपासणी होती. अबुधाबीच्या वाटेवरचा तो लहानसा ट्रॅक, ऊन कोवळं, प्रमिला डबे घेऊन आलेली, आणि तपासनीस म्हणून यहयासाहेब नावाचे एक उंच, शांत गृहस्थ. त्यांनी इंजिन चालू करायला सांगितलं. पिटमधल्या रेडिओवर टिंग-टिंग-टिंग.

“व्हॉट इज राँग?” त्यांनी विचारलं.

“नथिंग इज राँग,” मी म्हणालो.

“देन व्हाय अलार्म?”

“बिकॉज नथिंग इज राँग!”

यहयासाहेबांनी माझ्याकडे, मग इराकडे आणि मग आभाळाकडे बघितलं. नियम त्यांनी बोट ठेवून दाखवला. अलार्म वाजत असलेली गाडी ट्रॅकवर सोडायची नाही. इराचा चेहरा उतरला. गनीभाई पुढे होऊन “हबीबी, हबीबी” करायला लागले, त्यांना मी मागे ओढलं. “सर,” मी म्हणालो, “साधा अलार्म घ्या. त्याची तार तुटली तर काय होईल? गप्प बसेल. तुम्ही म्हणाल, वा, सगळं ठीक! आता माझा बघा.” आणि मी सेन्सरची तार उपटली. टिंगटिंग बंद. इराचा हात सवयीनेच इंजिनच्या बटणावर गेला. सगळं शांत झालं.

यहयासाहेबांनी दाढी कुरवाळली आणि हळूच म्हणाले, त्यांच्या बिल्डिंगचा फायर अलार्म सारखा वाजतो, ते आता उठतसुद्धा नाहीत. “सेम कंपनी?” मी घाबरून विचारलं. नशीब, दुसरी होती. पण नियमाचं काय? शेवटी त्यांनीच तोड काढली. कागदावर अलार्मच्या रकान्यात त्यांनी काट मारली आणि रेडिओच्या रकान्यात लिहिलं, चालू आहे. “यल्ला,” म्हणजे चला, निघा, असं म्हणून ते पुढे म्हणाले, “वन स्टेशन ओन्ली.”

दोन शर्यती होत्या, एक सकाळची आणि एक दुपारची. सकाळच्या शर्यतीत इरा अशी काही निघाली की मी जप सुरू केला. रेडिओवर टिंग-टिंग-टिंग, आणि पोरगी बघता बघता तिसरी! प्रमिला, जिने माझ्याशी अबोला धरला होता ती, खुर्चीवर उभी राहून “मार त्याला! घे आतून!” असं ओरडत होती. शेवटची दोन वळणं उरली. टिंग-टिंग-टिंग. टिंग.

आणि शांतता.

आसपासचे सगळे ओरडत होते, “गो, गो!” गनीभाईसुद्धा! दोनच वळणं, कोण थांबेल? विशी-बाविशीच्या वयात मी थांबलो असतो का? पण इराने हात वर केला. गाडी बाजूला घेतली. इंजिन बंद केलं. पिटमध्ये सगळ्यांनी कपाळावर हात मारले. टाळ्या वाजवणारा मी एकटाच होतो, आणि रडणाराही. आयुष्यात पहिल्यांदा माझा अलार्म झाला आणि कोणीतरी थांबलं होतं!

गाडी ओढून आणली. गनीभाई खाली वाकले, बोट लावलं, वास घेतला आणि माझ्याकडे बघून गालातल्या गालात हसू लागले. तेल गळत होतं. कुठून? तर मी स्वतःच्या हाताने बसवलेल्या सेन्सरच्या जोडातून. स्प्रिंकलरच्या पाइपांना गुंडाळतो तशी पांढरी टेप मी त्याच्या आट्यांवर गुंडाळली होती, आणि प्रेमापोटी जरा जास्तच. तिथे टेप चालत नाही, वॉशर लागतो. “व्वा, भाऊ!” गनीभाई म्हणाले. “आग तुम्हीच लावली आणि बंबही तुम्हीच आणला!”

मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. तिसरा नंबर गेला माझ्या टेपेमुळे. मी इराकडे बघायची हिंमत करत नव्हतो. ती हेल्मेट काढून जवळ आली. “सॉरी, बेटा,” मी पुटपुटलो.

“बाबा, द इंजिन इज अलाइव्ह,” ती म्हणाली. तिचे डोळे चमकत होते. “पुट द वॉशर. वी हॅव अ रेस.”

वॉशर गनीभाईंनी बसवला. मी आपण होऊन मागे हात बांधून उभा राहिलो. (गनीभाईंनी तो आधी उलटा बसवला होता, पण मी मोठ्या मनाने ते कोणाला सांगितलं नाही.) सकाळी थांबल्यामुळे दुपारी इराला सगळ्यांच्या मागून निघावं लागलं. पण आता ती तो आवाज कानात घेऊन गाडी चालवत होती. लांब वळणावर टिंगटिंग जराशी अडखळली की पाय हलका, पुन्हा सुरू झाली की पाय दाबून. प्रत्येक फेरीत तिने एखाददुसरी गाडी मागे टाकली. दोन गाड्यांची इंजिनं वाटेत धूर सोडून बसली. आमचं शेवटपर्यंत चाललं. इरा पाचवी आली. कप पाचव्याला नसतो, पण पिटमध्ये आल्यावर पोरांनी इंजिन बंदच करू दिलं नाही. सगळे त्याच्याभोवती उभे राहून नुसतं ते चालू असल्याचं ऐकत होते. कॉलेजच्या प्रोफेसरांनी तिथेच सांगून टाकलं, टीम पुढच्या वर्षीही राहणार. प्रमिलाने सगळ्यांना थालीपीठं वाटली. पहिलं यहयासाहेबांना.

परतताना आमची गाडी इरा चालवत होती. प्रमिला मागे झोपली होती. आता एक कबुली द्यायला हवी. इरा गाडी चालवायला लागली की मी बोलत असतो. आरसा बघ, लेन बदलू नकोस, तो ट्रकवाला बघ, हळू घे. लायसन्स मिळाल्यापासून एकही प्रवास मी हे न बोलता केलेला नाही. पण आज मी मनाशी ठरवलं, टिपणीस, ही आता रेसिंग ड्रायव्हर आहे. दोन इंजिनं बसली तिथे हिने आपलं टिकवलं. तू कोण हिला शिकवणारा? तोंड बंद. ओठ घट्ट मिटून मी समोर बघत बसलो. ट्रक आला, मी गप्प. लेन बदलली, मी गप्प. केवढा संयम! माझं मलाच कौतुक वाटलं.

इराने दोनदा वळून माझ्याकडे बघितलं. मग तिने वेग कमी केला आणि काही न बोलता गाडी सरळ पेट्रोल पंपावर घेतली. ब्रेक लावला आणि माझा हात धरला. “बाबा, काय होतंय तुला?” तिने चक्क मराठीत विचारलं.

“मला? काही नाही. का?”

“मग गप्प का झालास तू? इतका वेळ काहीच बोलला नाहीस. मी घाबरले ना!”

मागे प्रमिला जागी होऊन “काय झालं? गाडी का थांबली?” असं विचारत होती. मी चष्मा काढून पुसला, परत घातला आणि घसा खाकरला.

“आधी इंडिकेटर दे,” मी म्हणालो. “आरसा बघ. मागून बस येतेय, तिला जाऊ दे. आणि हळू घे जरा, शर्यत संपली.”

“येस, बाबा,” असं म्हणून इराने सुस्कारा सोडला आणि गाडी रस्त्यावर घेतली.